साडेतीन किलोची सावली

उदगीर
१८ जुलै १९८२

सिंधुअक्का,

तुला, दाजींना आणि तुझ्या सासूला, धुरपतामावशीला जय भीम. महानंदाचा पापा. वाचणाऱ्यास वेगळा जय भीम. वाचणारे अण्णारावच असणार, कारण तुझ्या सासरात दहावीपर्यंत गेलेला तुझा हा दीर एकटाच. अण्णाराव, माझं अक्षर म्हणजे शाईत बुडून पळालेले मुंगळे, असं गुरुजी म्हणायचे. सबुरीनं वाचा.

दोन महिने झाले मला तिथून निघून. सांगून निघालो नाही, ते चुकलं. मुखेडच्या स्टँडवर एक गाडी सुटायला लागली होती, तिच्या पाटीवर उदगीर होतं, म्हणून उदगीर. देगलूर असतं तर देगलूरला असतो.

इथं मोंढ्यात शंकरप्पा म्हणून एक म्हातारा फाटकी पोती शिवतो. त्याच्या हाताखाली काम करून राहिलो. सकाळी गेलो की म्हणतो, "एनो व्यंकटी, बंदेया?" म्हणजे आलास का बाबा. मी म्हणतो, आलो नसतो तर दिसलो असतो का? पहिल्या दिवशी त्यानं नाव विचारलं, गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि मग तांब्या वर धरून माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. दहा-बारा दिवसांनी एकदा तांब्याच हातात दिला. मी पाणी प्यालो.

दाभण मला चांगला चालवता येतो, पण एक अडचण आहे. इथं सगळे सुतळी दातानं तोडतात. मला दातात सुतळी धरली की ओकारी येते. शंकरप्पा हसतो. "पोटुशी बाई हायस का रं?" म्हणतो. मी विळ्यानं तोडतो.

परवा स्टेशनावर गेलो होतो. कुठं जायचं नव्हतं, नुसती गाडी बघायला. तिथं वजनाचं यंत्र आहे, पैसे टाकले की दिवे फिरतात आणि जाड कागदाचं तिकीट पडतं. माझं वजन निघालं सेहेचाळीस. मागं भविष्य छापलेलं होतं हिंदीत, लोक आपल्यावर भरोसा ठेवतात म्हणून. मग बाहेर ठेवलेली नवी सावली आणली, तुझ्या महानंदासाठी केला होता तसलाच घडीचा मांडव, डोक्यावर घेतली आणि परत नाणं टाकलं. साडेएकोणपन्नास. म्हणजे सावली साडेतीन किलोची झाली! पहिली पाचाच्या वर होती. आता कामट्या बारीक तासल्यात, आणि खाली पोतं न लावता खताची पिशवी उकलून लावली, वरून फाटक्या पोत्याचा एकच थर, चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेला. घडी केली की काखेत मावते.

पाऊस इकडंही नाही. तुझं नाव तळ्याच्या कामाच्या हजेरीपटावरून काढलं असं मुखेडच्या एका माणसानं सांगितलं. खरं का?

मावशीच्या डोळ्याची पट्टी सोडली का ते कळवा. आणि अक्का, गाठीचं जे झालं ते झालं. माणसाच्या हातून चुकतं. मनाला लावून घेऊ नको.

पत्ता शंकरप्पाचा टाकतो. मी कुठंही असलो तरी तो पोचतं करील.

तुझा व्यंकटी


लातूर
२४ ऑगस्ट १९८२

सिंधुअक्का,

सगळ्यांना जय भीम. वाचणाऱ्यास पण. अण्णाराव, तुमचं कार्ड मिळालं.

मी लातूरला आहे. शंकरप्पानं पोत्यांचा गठ्ठा देऊन एका ट्रकबरोबर पाठवलं होतं, गठ्ठा उतरवला आणि परत जायचं राहून गेलं. कारण इथं जिल्हा झाला! गेल्या आठवड्यात. चौकाचौकात कमानी, बँड, शाळेच्या पोरी लेझीम घेऊन. मी एका मंडपवाल्याकडं लागलो. मधे दोन दिवस एका पेंटरची शिडी धरायला गेलो, कारण त्याचं काम बघण्यासारखं होतं. पाट्यांवरचं उस्मानाबाद पुसून लातूर लिहायचं. पाच अक्षरांच्या जागेत तीन अक्षरं, उरलेल्या जागेचं करायचं काय? तो दोन्हीकडं वेलबुट्टी काढायचा. म्हणाला, "जिल्हा लहान झाला का मोठा ते सरकार बघील, मला आपली जागा भरायची."

मंडपवाल्याच्या कमानी जाड लाकडी बल्ल्यांच्या. एक कमान उचलायला आठ माणसं. मी म्हणालो, मी दोन माणसांची करतो. हिरवा बांबू चिरला, चुलीच्या धगीवर वाकवला, आणि खिळा न मारता सायकलच्या ट्यूबच्या चकत्या कापून जोडावर चढवल्या. मालक लांबून बघून म्हणाला, "व्यंकटी, ही कमान हाय का पतंग?"

तो बोलला ते खरंच होतं. हलकं केलं की ते उडायला बघतं. सकाळी काय सुचलं सांगू? दोन्ही पायांना रिकामी पोती बांधली आणि तिथल्याच रस्त्याची वाळू भरली. वजन वाहून न्यायचंच नाही, जागेवर घ्यायचं! हे मला एप्रिलमध्ये का सुचलं नाही, अक्का? तळ्याच्या कामावर मातीला काय तोटा होता? तुम्ही दिवसभर मातीच वाहत होता.

तुला आठवतं, तू काय म्हणाली होतीस? बांधावर एक झाड नाही, महानंदा आठ महिन्यांची, तिला लुगड्याच्या घडीखाली झाकून तू खडी फोडायचीस. लेकरांसाठी सावली करून द्यायची असा सरकारचा नियम आहे म्हणतात. मुकादमाला विचारलं तर म्हणाला, "नियमात हाय, बांधावर न्हाई." मग तू मला म्हणालीस, "व्यंक्या, गावभर उंडारतूस, येवढं एक कर. डोक्यावर नेता येईल असली सावली कर." तोवर मला कुणी काही कर म्हणून सांगितलं नव्हतं. कुठं जाऊ नको, एवढंच सांगायचे.

मशिदीजवळच्या दुकानात कुराण ठेवायची लाकडी रेहल बघितली होती, फुलीसारखी उघडणारी. तशाच दोन फुल्या केल्या, वरून कापड, आणि दोन्ही फुल्यांच्या कमरेला एकच दोर. दोर ताणून बांधला की कामट्या धनुष्यासारख्या वाकून उभ्या राहतात. दोर सोडला की घडी. सगळा खेळ त्या एका गाठीवर.

असो.

अण्णाराव, तुम्ही लिहिलं की मावशीच्या उजव्या डोळ्यानं आता दिसणार नाही. लिहिलं की वहिनीला घरात कुणी काही बांधू देत नाही, शेळीसुद्धा आई चाचपडत स्वतः बांधते. "आम्ही शकुन-अपशकुन मानत नाही, ते आम्ही कधीच सोडलं. परंतु निष्काळजीपणा तो निष्काळजीपणा." हे वाक्य तुमचं लई ठसठशीत आहे. मी पाच वेळा वाचलं.

मावशी महानंदावर वाकली नसती तर गाठ सुटून उसळलेली ती कामटी लेकराला लागली असती. हे मला ठाऊक आहे. हे मी विसरत नाही.

तुझा व्यंकटी


लातूर
१४ डिसेंबर १९८२

सिंधुअक्का,

सर्वांना जय भीम. वाचणाऱ्यास जय भीम.

एक चांगली बातमी, आणि ती अण्णारावांनी मोठ्यानं वाचावी. इथल्या नव्या जिल्ह्याच्या एका हापिसात माझी सावली घेतली. अजून नमुना म्हणून. पास झाली तर चाळीस सावल्या करायच्या, दुष्काळी कामांवर लेकरांसाठी. यंदाही पाऊस गेला, कामं वाढणार.

झालं असं. हापिसाला अजून धड टेबलं नाहीत, साहेब एका खोक्यावर बसून सह्या करत होते. मी पाटी रंगवणाऱ्याबरोबर गेलो होतो. साहेबांना ऊन लागत होतं म्हणून अंगणात सावली उघडून दिली. त्यांनी घड्याळ लावून मला चार वेळा उघडझाक करायला लावली. शिपाई म्हणाला, "साहेब, ह्येच्यात बसून चहा घ्या, पुढाऱ्यासारखं वाटतंय." साहेब हसले. मग कागद काढला आणि प्रश्न विचारायला लागले. वजन किती, किती दिवस टिकते, बाईमाणसाला उघडता येईल का. सगळ्यांची उत्तरं दिली. शेवटचा प्रश्न होता, पूर्वी कधी पडली होती का?

मी म्हणालो, एकदा पडली.

कारण?

कारण मी सांगितलं. त्यांनी ते लिहिलं, मी खाली सही केली. ते सरकारी भाषेत आहे, इथं उतरवून काय उपयोग. तुझं नाव त्यात नाही एवढं सांगतो.

त्या दिवसापासून मला भूक लागत नाही. हवापाण्याचा फरक असेल. इथं पाणी रेल्वेनं आणावं लागतंय का काय अशी बोलणी चालू आहेत.

तुझ्यासाठी एक सावली मुखेडच्या गाडीवर दिली आहे. कंडक्टर ओळखीचा झालाय, त्याच्या पिशवीचा पट्टा मी शिवून दिला. चारी पायांना पोत्याच्या पिशव्या आहेत, त्यात माती भरायची, मग वावटळीच्या बापालाही हलणार नाही. तुझं नाव परत हजेरीपटावर लागलं की कामी येईल. दाजींनी मुकादमाला एकदा भेटावं. दाजींनी तुझ्याशी बोलणं सोडलंय असं कळलं. माणसानं एवढं ताणून धरू नये. जास्त ताणलं की काय होतं ते

हे वाक्य राहू दे.

तुझा व्यंकटी


उमरी
६ मार्च १९८३

सिंधुअक्का,

घरच्यांना जय भीम. वाचणाऱ्यास जय भीम.

अण्णाराव, तुमचं दोन्ही बाजूंनी लिहिलेलं आंतरदेशीय शंकरप्पाकडून फिरत फिरत मिळालं. सावली पोचली, पण ती आईनं आढ्याला टांगली आणि कुणी उघडत नाही, असं तुम्ही लिहिलं. विहारात बायकांचा लिहाय-वाचायचा वर्ग चालू झाला, वहिनी जाते, आईची ना नाही कारण तिथं काही बांधायचं नसतं, असंही लिहिलं. तो विनोद असेल तर मला हसू आलं नाही.

आणि शेवटी लिहिलं: "घरात विचार झाला आहे. बुद्ध पौर्णिमा झाल्यावर आपण येऊन वहिनीला घेऊन जावे. तिच्या माहेरी आपणच एक पुरुष माणूस आहात. महानंदा इथेच राहील."

ते वाचून मी उठलो आणि उमरीला आलो, नागुमावशीकडं. अक्का, आईबापामागं तिनंच आपल्याला भाकर दिली, तुला ठेवायची तर दुसरं घर कुठलं? मावशी ज्वारी पाखडत होती. सगळं ऐकून घेतलं. सूप खाली ठेवलं.

"जागेला काय धाड भरली," म्हणाली, "माझ्या घरात दहा सिंधु मावतील. पर का आणायची ते सांग. गाठ सुटली म्हणून?"

मी म्हणालो, हाव.

"सिंधुच्या हातची गाठ?"

मी सुपातले खडे वेचायला लागलो.

"आरं, तुझा बाप कडब्याच्या पेंढ्या बांधायचा, तवा ती पोरगी येवढीशी हुती, त्येच्या पाठीमागं बसून गाठी मारायची. तिनं बांधलेलं गठुडं सोडायला मला दात लावावं लागायचं. दात पडलं तवा सोडणं बंद केलं, कापूनच काढते आता. तिची निरगाठ आपसूक सुटली व्हय? येडं समजतूस का मला?"

मी म्हणालो, वारा लई होता मावशी.

"वाऱ्याला दात असत्यात का रं?"

मग मी चप्पल घातली आणि स्टेशनावर जाऊन बसलो. मनमाडकडची एक गाडी गेली, सिकंदराबादकडची एक गेली. दोन्हीत बसावं वाटलं. बसलो नाही, एवढं माझ्या नावावर लिही.

मावशी म्हणते ये. तिनं असंही म्हटलं की लेकराबिगर आणू नका. मी काय ठरवलं ते पुढच्या पत्रात कळवतो. पौर्णिमेला अजून अडीच महिने आहेत.

व्यंकटी


नांदेड
१२ मे १९८३

अण्णाराव पाव्हणे,

जय भीम. हे पत्र तुम्हाला आहे. पाकिटात दोन कागद आहेत. दुसरा कागद उलगडू नका, तो तसाच सिंधुअक्काच्या हातात द्या. तिचा झाला की मग हा वाचा, घरातल्या सगळ्यांसमोर, धुरपतामावशीसमोर पण. आजवर माझ्या पत्रातलं तुम्ही काय वाचून दाखवलंत आणि काय गाळलंत, मला ठाऊक नाही. गाळण्यासारखं लई होतं. यातलं एक अक्षर गाळू नका, तुम्हाला हात जोडतो.

गेल्या महिन्यात मी उदगीरला गेलो, तेव्हा शंकरप्पानं एक पोस्टकार्ड दिलं. आधी वाटलं कुण्या लेकरानं लिहिलंय. पत्ता तुमच्या अक्षरात होता, पण मागं तीनच शब्द होते, पेन्सिलीनं, वाकडे, एकेक अक्षर चिंचेएवढं. खाली नाव नाही.

गाठ कुणी सोडली

पत्ता लिहून देताना तुम्ही ते बघितलंच असेल. तुम्हाला काय वाटलं असेल कोण जाणे. मला वाटलं माझ्या मानेवर कुणीतरी हात ठेवला.

वर्षभर सगळे एकच विचारत होते, गाठ कुणी मारली. मुकादमानं विचारलं, दाजींनी विचारलं, तुम्ही विचारलंत. मारली कुणी याचं उत्तर खरं होतं, अक्कानंच मारली होती. कुणी सोडली हे कुणी विचारलंच नाही. ते तिनं विचारलं, लिहायला शिकल्यावर पहिल्यांदा.

आता ऐका.

मागच्या मे महिन्यात त्या दिवशी सकाळी अक्कानं सावली उभी केली, दोर ताणला आणि निरगाठ मारली. बाबांची गाठ. सावलीखाली मावशी महानंदाला मांडीवर घेऊन बसल्या. अक्का घमेलं घेऊन बांधाच्या पार पलीकडच्या टोकाला गेली. दुपारी जीप आली, कामावरचे साहेब आले. मला वाटलं, दाखवावं. मी मावशीला म्हणालो, जरा उठा, साहेबाला घडी करून दाखवतो. मावशींना आठवत असेल, त्यांनाच विचारा. त्या म्हणाल्या होत्या, "झोपलंय रं लेकरू, आत्ता कशाला?" तरी उठल्या.

गाठ हातानं सुटेना. मी ती दातानं सोडली. घडी करून दाखवली, परत उघडून दाखवली. साहेब म्हणाले, ठीक. पुन्हा दाखव म्हणतील असं वाटलं, म्हणून दोर बांधताना मी सुरगाठ मारली. एक शेंडी ओढली की सुटते ती. मावशी परत खाली बसल्या. तेवढ्यात रस्त्यावर एक ट्रक वाफा सोडत थांबला. ड्रायव्हर बिदरकडचा होता, रेडिएटरला साबण लावून भोक बुजवत होता. ते मी कधी बघितलं नव्हतं. म्हणून बघायला गेलो.

साहेबाची जीप गेली. गाठ बदलायची राहिली. राहिली म्हणजे काय, ध्यानातच नव्हती. मी साबण बघत होतो.

मग वावटळ आली.

मी पळत आलो तेव्हा मावशी लेकरावर वाकलेल्या होत्या आणि रक्त लुगड्यावर गळत होतं. अक्का पलीकडून आली. मुकादम ओरडला, "गाठ कुणी मारली ही?" अक्का म्हणाली, "मी." तिला वाटलं तीच. मी तिच्या शेजारी उभा होतो. माझ्या पुढच्या दातात सुतळीचा एक धागा अडकलेला होता. तो मी जिभेनं काढला आणि गिळला.

एवढंच मी त्या दिवशी केलं.

डिसेंबरात लातूरच्या साहेबांनी कारण विचारलं तेव्हा मी सांगितलं, मजूर बाईनं गाठ सैल मारली. ते कागदावर आलं. म्हणजे आधी नुसता गप्प होतो, मग खोटं सही करून दिलं. मागच्या आठवड्यात त्या हापिसात गेलो. आता सगळी टेबलं आलीत. म्हणालो, कागद दुरुस्त करायचाय. साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे ती नीट बांधूनही सुटू शकते असं तू म्हणतोस?" मी म्हणालो, नीट बांधून नाही सुटत. मी बांधून सुटते. ते म्हणाले, "व्यंकटी, मागं घेतलंस तर नमुना नापास धरावा लागेल. चाळीस सावल्या जातील." मी म्हणालो, जाऊ द्या. खाली माझ्या हातानं लिहिलं, गाठ बाईची नव्हती, माझी होती. शिपायानं बाहेर आल्यावर विचारलं, "आरं, कशाला केलंस? कोण बघणार हुतं?" त्याचंही खरंच आहे. चाळीस ठिकाणची लेकरं आता उन्हातच राहतील, हे पण माझ्याच नावावर. या हिसाबातून कसं सुटायचं मला कळत नाही.

आज तीन दिवस मी नांदेडच्या स्टँडवर आहे. रोज मुखेडची गाडी लागते, रोज सुटते. एकदा चढलो आणि उतरलो. तुमच्या दारात येऊन तोंडानं हे सांगायची छाती होत नाही. म्हणून हे पत्र आधी टाकतो. ते पोचलं की माझी वाट बंद होते, मग कुठल्याही पाटीची गाडी लागली तरी मला मुखेडलाच यावं लागेल. मी माणसांशी आजवर सगळ्या सुरगाठीच मारल्या, अण्णाराव. एक शेंडी कायम माझ्या हातात ठेवली. ही तशी नाही.

पौर्णिमेला मी विहारात येतो. चार माणसांत उभं करा, जे विचारायचं ते मला विचारा. अक्काला न्यायला मी येत नाही. दाजींना सांगा, बोलायचं नसेल तर माझ्याशी बोलू नका. मावशींचे पाय धरायला येतो, धरू दिले तर. नाही दिले तर बाहेर बसेन, सवय आहे.

दुसऱ्या कागदावर मी जोडाक्षर एकही येऊ दिलेलं नाही. शंकरप्पाच्या दुकानात बसून चार कागद फाडले. आपली अर्धी भाषा जोडाक्षरांची आहे हे मला आत्ता कळलं. अक्का लिहिता येईना, अण्णाराव लिहिता येईना, माझं स्वतःचं नाव लिहिता येईना. वर्गात तिचं कुठवर आलंय ठाऊक नाही, म्हणून अक्षरं मोठी काढलीत. अडली तरी मधे बोलू नका. तिला तिचं तिचं लागू द्या.

व्यंकटी


(दुसरा कागद)

सिंधु,

गाठ मी सोडली.

तुझी गाठ निरगाठ होती. ती सुटत नसते. मी दात लावून सोडली. साहेबाला दाखवायला.

परत बांधली ती सुरगाठ. ती मी बांधली.

तू "मी" बोललीस. मी गप उभा होतो.

सासूचा डोळा गेला तो दोष माझा. तुझा नाही. कधी नाही.

तू तिथंच रहा. महानंदा तुझी.

मी येतो. पाटी बघून नाही. तुझं घर बघून.

वर टांगलेली सावली खाली काढ. मोडायची तर मोड. ठेवायची तर दोर तू बांध.

हा कागद घरात तूच वाच. मोठा आवाज कर. सासू ऐकेल, दीर ऐकेल.

वाचणारीला जय भीम.

तुझा भाऊ